टेक्सासात नवीन आलात? कमरेच्या पिस्तुलाबद्दल थोडं

पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसेल. किराण्याच्या रांगेत उभे असाल आणि पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असेल. तो पोलीस नसतो. ट्रॉलीत दूध, अंडी आणि पाय हलवत बसलेलं पोर. माझ्या बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा दंड असा धरला की बोटं उमटली. घाबरू नका, टक लावून बघू नका आणि 'का हो, कशाला?' असं विचारायलाही जाऊ नका. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ ठेवायला परवाना लागत नाही. उघडं दिसत असेल तर होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं, इतकंच.

त्यातलं 'कायद्याने मनाई नसलेल्या' हे आपल्यासाठी आहे. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक सोडाच, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. आणि बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे, हातात घेणंही त्यात येतं. मी एच-वनवर असताना ऑफिसातली मंडळी शुक्रवारी शूटिंग रेंजवर घेऊन गेली. एका फॉर्मवर सही केली, कानाला मफ लावले, दहा गोळ्या झाडल्या आणि रुबाबात फोटो घरी पाठवला. पुढे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयातला रेहाइफ खटला वाचला आणि घाम फुटला. तो फ्लोरिडातला विद्यार्थी. कॉलेजने काढून टाकल्यामुळे व्हिसाचा दर्जा गेलेला, आणि खटला उभा राहिला तो रेंजवर जाऊन बंदुका चालवल्याबद्दल. 'आपला दर्जा गेलेला आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करावं,' असं न्यायालय म्हणालं खरं, पण तोवर त्याला तुरुंगवासाची शिक्षा होऊन गेली होती. ऑफिसातली मंडळी बोलावतील. 'कॉफी घेऊन बाहेर बसतो' म्हणा.

ग्रीन कार्ड मिळालं की विकत घेता येतं. पण बंदुकीचा गुन्हा शाबित झाला तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं, हे विसरू नका.

आता जवळ ठेवण्याच्या पद्धती. कमरेच्या बाहेर, उजव्या कुल्ल्यावर ही सगळ्यात सोपी, पण शर्ट वर गेला की दिसते. पँटच्या आत, बाजूला किंवा पुढे बेंबीखाली, ही लपते चांगली. पुढे ठेवणाऱ्याने खाली बसताना नळी कुठे रोखलेली आहे याचा विचार करावा, जास्त खोलात शिरत नाही. पाठीच्या कण्यावर ठेवू नये, पाय घसरून पाठीवर पडलात तर पोलादाचा तुकडा थेट मणक्यात. खिशात ठेवायचं तर खिशाचं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काही नको, किल्लीसुद्धा नाही.

पर्समध्ये ठेवणं मला अजिबात पटत नाही. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पर्स खास पिस्तुलासाठीच बनवलेली होती, परवानाही होता. पर्स ट्रॉलीत होती आणि मूल तिच्या शेजारी, बस.

होल्स्टरवर पैसे वाचवू नका. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे. ग्रीन कार्डनंतर मी परवान्याच्या वर्गाला गेलो, तिथे एका आजोबांचं वीसेक वर्षं वापरलेलं चामड्याचं होल्स्टर होतं. मास्तरांनी ते हातात घेऊन तोंडाशी अंगठा दाबला तर कड आत वळली, आणि पिस्तूल सरकवलं की नेमकी चापावर जाऊन बसायची. आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग पिशवीत टाकलं, घातलं नाही.

हा वर्ग आता सक्तीचा नाही. परवाना हवा असेल तर चार ते सहा तास बसायचं, लेखी परीक्षा द्यायची आणि ३, ७ व १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडून २५० पैकी १७५ गुण मिळवायचे. अर्जाचे ४० डॉलर. न्यूयॉर्कात २०२२ पासून १६ तासांचा वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष नेमबाजी लागते. दोन्ही राज्यांत देशाची राज्यघटना तीच, कायदे मात्र जमीन-अस्मानाचे.

सक्ती असावी की नसावी? माझ्या शेजाऱ्याचं म्हणणं, हक्काला प्रवेश परीक्षा नसते. रात्रपाळी करणाऱ्या एकट्या बाईने, जिला आजच भीती आहे, शनिवारची सुट्टी आणि फी कुठून आणायची? हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी मी सक्तीच्या बाजूचा आहे, निदान कमरेला लावून बाहेर पडायचं असेल तर. त्या वर्गात पहिल्या तासाला अकरापैकी चार जणांचं बोट चापावरच होतं, आणि त्यातला एक मी. फी सरकारने भरावी, पण वर्ग हवा. २०२३ मध्ये विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या. 'बॅगेत आहे हे विसरलोच' हे तिथलं नेहमीचं उत्तर. भरलेली बंदूक विसरणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर मला बसायचं नाही.

सक्ती नसली तरी परवान्याचे फायदे आहेत. बऱ्याच राज्यांत तो चालतो, आणि शाळेपासून १,००० फुटांच्या आतल्या केंद्रीय बंदीतून त्याच राज्याचा परवाना असलेल्याला सूट मिळते. दारावरच्या पाट्या वाचायला शिका (आकडे म्हणजे राज्याच्या कायद्यातली कलमं) : ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवून आणू नये, ३०.०७ म्हणजे उघड आणू नये, ३०.०५ विनापरवाना मंडळींसाठी, आणि लाल ५१% (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) दिसला की तो दारूचा गुत्ता समजा, तिथे पिस्तूल न्यायचंच नाही.

पोलिसाने गाडी थांबवली तर, जवळ काही असो-नसो, दोन्ही हात स्टीअरिंगवर. कागद काढायला आपणहून डॅशबोर्डच्या खणात हात घालू नका, आधी सांगा, मग काढा.

आणि पोरांना कुणाच्या घरी खेळायला पाठवण्याआधी विचारा. ॲलर्जीबद्दल विचारतो तसंच : 'घरात बंदूक असेल तर कुलपात आहे ना?' मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा तीनदा नंबर लावून तीनदा कापला. चौथ्यांदा ती बाई शांतपणे म्हणाली, 'दोन आहेत, सेफमध्ये, किल्ली माझ्या गळ्यात. आणि तुमच्याकडे कुत्रा आहे का? माझी मुलगी घाबरते.'