हजार चंद्र पाहिलेले सर

निमंत्रणपत्रिका तमिळमध्ये होती. खाली सरांनी, उटीच्या रेडिओ दुर्बिणीवर मला शिकवणाऱ्या माझ्या सरांनी, स्वतःच्या हातानं एवढंच लिहिलं होतं: 29,530 दिवस. मला ते लगेच उमगलं. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी 29.53 दिवस जातात. त्याच्या हजारपट म्हणजे साधारण 80 वर्षं 10 महिने. आपल्याकडे याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात, तमिळ घरांत शताभिषेकम. तरुणपणी सरांनी वर्षानुवर्षं चंद्राचे सेकंद मोजले होते. त्यांच्या घरचं हे कार्य चुकवणं मला शक्यच नव्हतं.

सोबत भाची आली. भावाची मुलगी, सांगलीला बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली. तिला रेडिओ खगोलशास्त्रात जायचंय, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपून त्यांच्या स्रोतांचा अभ्यास करायचाय. "आत्या, मी येऊ?" म्हणाली आणि पुण्यापासून कोइम्बतूरपर्यंत तिनं मला झोपू दिलं नाही. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण असे प्रश्न पडलेली ती एकटीच नसणार.

पहिला प्रश्न अर्थातच परीक्षांचा. त्याचं उत्तर सोपं आहे. पीएचडीसाठी जेस्ट किंवा गेट या देशभरच्या परीक्षा, नाहीतर टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) स्वतःची प्रवेश परीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरनाही हे दार उघडं आहे, कारण रेडिओ दुर्बिणीतला निम्म्याहून जास्त कारभार रिसीव्हर आणि संगणकाचाच असतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवावा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून कॉलेजच्या मुलांसाठी हिवाळी शाळा भरते, तिला अर्ज करावा. आणि 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात जाऊन 45 मीटर व्यासाच्या त्या ताटल्या एकदा जवळून पाहाव्यात. अशा तीस आहेत, 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या.

मेट्टुपाळयमहून सकाळी 7:10 ची निलगिरीची छोटी गाडी पकडली. कल्लारनंतर दातेरी रूळ सुरू झाले, गाडी दात धरून चढू लागली, आणि भाचीनं खरा प्रश्न विचारला. "गाईड कसा निवडायचा?"

यावर मी तिला 1981 सालची गोष्ट सांगितली.

मी उटीच्या रेडिओ दुर्बिणीवर रुजू होऊन तीन महिने झाले होते. रात्रपाळी, बोटं काकडवणारी थंडी, आणि समोर चार्ट रेकॉर्डरच्या कागदावर सरकणारी शाईची रेघ. आकाशाच्या एका ठरावीक भागावर दुर्बीण रोखायची आणि रेघ बघत बसायचं. एका संध्याकाळी 7:20 ला रेघ उसळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 7:20 ला. मला वाटलं, आपल्याला काहीतरी सापडलं! कागदाची गुंडाळी घेऊन मी सरांच्या घरी धावले. त्यांनी ती शांतपणे पाहिली, मामींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माझ्यासाठीही कॉफी टाकायला सांगितली आणि म्हणाले, "अजून चार दिवस बघ. आकाशातलं असेल तर चौथ्या दिवशी सोळा मिनिटं आधी येईल."

पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली स्वतःभोवतीची फेरी 24 तासांची नसते, 23 तास 56 मिनिटांची असते. म्हणून ताऱ्यांसारखी आकाशातली कुठलीही दूरची गोष्ट रोज सुमारे चार मिनिटं लवकर हजेरी लावते. घड्याळाच्या त्याच ठोक्याला येतं ते माणसाचं. मी हे पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण कागद हातात असताना मला ते आठवलं नव्हतं. चौथ्या दिवशीही रेघ 7:20 लाच उसळली. पाचव्या दिवशी सर माझ्याबरोबर टेकडी उतरून आले. बटाट्याच्या शेतात रोज त्या वेळी पाण्याचा पंप सुरू होत होता आणि त्याच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडत होती. ठिणगीतूनही रेडिओ लहरी निघतात, त्याच आमच्या कागदावर उमटत होत्या. (काही रेडिओ दुर्बिणींजवळ पेट्रोलच्या गाड्या चालवत नाहीत, ते याच ठिणग्यांपायी.)

सर मला तिथल्या तिथेच सांगू शकले असते. त्यांनी चार दिवस दिले. आणि पाचव्या दिवशी चिखलातून ते स्वतः चालत आले, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

म्हणून भाचीला म्हटलं, गाईडचे किती पेपर छापून आलेत ते जरूर बघ, पण त्याच्या आताच्या विद्यार्थ्यांशी वेगळं बोल. त्यांना विचार, तुमचं मोजमाप चुकलं तेव्हा सरांनी किंवा मॅडमनी काय केलं? हा प्रश्न ऐकून मुलं गप्प झाली तर त्या गटात जाऊ नकोस. पीएचडी संपायला किती वर्षं लागतात, उपकरणाला विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, हेही विचार. ईमेल लिहिताना "मला आपल्या कामात खूप रस आहे" एवढंच लिहू नकोस. त्यांचा एखादा पेपर वाच आणि त्यातलं एक न कळलेलं ठिकाण नेमकं विचार. अशा पत्राला उत्तर देताना मला नेहमी आनंद व्हायचा. आणि आजपासून वही घाल. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय बिघडलं. चुकीची नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं.

कुन्नूर स्टेशनवर आमचे तिघं मित्र उभे होते. एक बंगळुरूचा, एक अमेरिकेहून आलेला, एक पुण्यातलाच पण विमानानं पुढे पोचलेला. चाळीस वर्षांपूर्वी याच तिघांबरोबर रात्री-अपरात्री स्टोव्हवर उपमा केला होता. दुपारी आम्ही सगळे उटीच्या पुढे मुत्तोरैला गेलो.

भाची दुर्बीण बघून काही वेळ बोललीच नाही. 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद, डोंगराच्या उतारावर उत्तर-दक्षिण पहुडलेली. 24 पोलादी चौकटी आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या 1100 बारीक तारा. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घालणारे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उतार शोधून काढला, कारण तो सुमारे 11 अंशांचा आहे आणि उटीचे अक्षांशही तेवढेच. त्यामुळे दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. एकाच दिशेनं ती फिरवत राहिलं की साडेनऊ तास एखाद्या स्रोताचा माग काढता येतो. डोंगरानंच अर्धं यंत्र बांधून दिलं. हे 1970 साली इथल्याच माणसांनी उभं केलं. त्याआधी, 1965 मध्ये, याच गटानं ऑस्ट्रेलियाहून आलेल्या 32 छोट्या ताटल्या आपल्या कल्याणला बसवल्या होत्या. कल्याणचं नाव ऐकून भाचीनं वहीत ते दोनदा अधोरेखित केलं.

आणि चंद्र? चंद्राची कड एखाद्या रेडिओ स्रोताला झाकते, त्याला पिधान म्हणतात. चंद्र त्या क्षणी नेमका कुठे आहे हे माहीत असतं. म्हणून स्रोत कधी विझला आणि कधी पुन्हा उजळला याची अचूक वेळ मिळाली की त्याची जागा आणि आकार कळतो. सरांचं तरुणपण या कामात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्य झालं. सर आणि मामी पाटावर शेजारी बसले होते, कलशातल्या पाण्याचा अभिषेक झाला, घरभर फुलांचा वास होता. आम्ही चौघांनी मिळून शाल दिली आणि मी माझ्या पिशवीतून ती 1981 ची गुंडाळी काढली. कागद पिवळा पडलाय, शाई अजून आहे. सरांनी चष्मा लावून 7:20 च्या उसळीवर बोट ठेवलं. मग कोपऱ्यातलं माझं अक्षर वाचलं, "पंप", आणि माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. आमचा अमेरिकेचा मित्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

भाची नमस्काराला वाकली तेव्हा त्यांनी गुण विचारले नाहीत. विचारलं, "अलीकडे स्वतः काय मोजलंस?"

तिला उत्तर देता आलं नाही. आदल्या रात्री दहाच्या सुमाराला अंगणातून पश्चिमेला कललेला व्याधाचा तारा दाखवताना शेजारच्या बंगल्याच्या धुराड्याआड तो गेलेला आम्ही पाहिला होता. सरांनी तेच काम तिला दिलं. व्हरांड्याच्या खांबाला डोकं टेकवून उभी राहा, व्याध धुराड्याआड दिसेनासा होतो तो क्षण सेकंदासकट लिही. उद्या पुन्हा लिही.

आम्ही मुक्काम दोन दिवसांनी वाढवला. दुसऱ्या रात्री ती वही घेऊन धावत आत आली. फरक 3 मिनिटं 52 सेकंदांचा निघाला होता. सरांनी आकडा वाचला, मान डोलावली.

"छान. 3 मिनिटं 56 हवेत. चार सेकंद कुठे गेले?"

ती खांबाकडे गेली, डोकं टेकवलं, सरकवलं, पुन्हा टेकवलं. मग धुराड्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून आली. सुमारे वीस मीटर. वहीत गणित मांडलं. डोकं जेमतेम अर्धा सेंटिमीटर हललं तरी चार सेकंद चुकतात.

"आत्या," ती म्हणाली, "मामींकडे खडू असेल का? खांबावर खूण करते. उद्याची रात्र आहे अजून."