छोट्या विमानासाठी पोर्टेबल जीपीएस घेताय? नागपूरच्या आकाशात या चुका टाळा

नागपूर, गोंदिया, अमरावतीकडे छोटं विमान उडवणारे पोर्टेबल जीपीएस घ्यायचं ठरवतात तेव्हा बहुतेकांनी आधी अमेरिकी वैमानिकांचे व्हिडिओ बघितलेले असतात. त्यांची यादी त्यांच्या आकाशासाठी अगदी बरोबर असते. ती इथे जशीच्या तशी उचलली, की निम्मे पैसे आपल्याकडे चालतच नाहीत अशा सोयींवर जातात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, धावपट्टीवर स्क्रीन वाचता येईल का आणि यंत्र चालू तरी राहील का, इथून सुरुवात करा.

उन्हाचा विचार न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने दिलेली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. नवतप्यात आपल्याकडे सावलीतला पारा ४५ च्या आसपास असतो आणि उन्हात उभ्या असलेल्या सेसनासारख्या छोट्या विमानाचं बंद कॉकपिट त्याहून कितीतरी तापतं. अशा वेळी आयपॅड काचेखाली ठेवला, तर टॅक्सी करता करताच, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जातानाच, तो मान टाकतो. हे एकदम होत नाही. आधी स्क्रीनचा उजेड आपोआप मंदावतो, मग चार्जिंग थांबतं आणि शेवटी तापमानाची सूचना येऊन नकाशा गायब होतो. पहिली दोन लक्षणं ओळखता आली नाहीत, की माणूस केबल खराब झाली समजून ती बदलत बसतो.

उपाय साधे आहेत. जाड कव्हर काढून ठेवा, यंत्र काचेजवळ न ठेवता मांडीवरच्या नीबोर्डवर सावलीत ठेवा, हवेचा झोत त्याच्याकडे वळवा आणि बॅटरी घरूनच पूर्ण भरून आणा. तापलेलं यंत्र बर्फावर किंवा फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, आत दव धरतं. दुपारची उड्डाणं नेहमीची असतील, तर विमानासाठीच बनवलेलं यंत्र घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. गार्मिनची एरा ६६० आणि एरा ७६० ही त्यातली नेहमीची नावं. तिथेही माहितीपत्रकात यंत्र चालण्याची आणि बॅटरी चार्ज होण्याची मर्यादा वेगवेगळी वाचा. लिथियम बॅटरीची चार्ज होण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांवर संपते, म्हणजे आपला उन्हाळा बरोबर त्या रेषेवर येतो.

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली स्क्रीन बघून निर्णय घेऊ नका. बाहेर उन्हात न्या, उडताना घालता तोच गॉगल घाला आणि स्क्रीन उभी-आडवी फिरवून बघा. पोलराइज्ड गॉगलमधून काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात.

आयपॅडच घ्यायचा असेल तर आणखी एक. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सेल्युलर मॉडेल घ्या किंवा बाहेरून ब्लूटूथचा जीपीएस रिसीव्हर जोडा.

इथे न चालणाऱ्या सोयींचे पैसे मोजणं

उडता उडता स्क्रीनवर हवामान दाखवणारी सिरियस एक्सएम सेवा उत्तर अमेरिकेपुरती आहे. ९७८ मेगाहर्ट्झवर जमिनीवरच्या केंद्रांकडून विमानात फुकट मिळणारं एडीएस-बी हवामानही अमेरिकेतच. त्या अँटेनांसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्यासाठी निघण्यापूर्वी बघितलेला मेटार (विमानतळाचा ताजा हवामान अहवाल) आणि नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचं रडारचित्र हेच कामाचं.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं तर विचारपूर्वक टाळा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर अशा यंत्रांसह पकडले गेलेल्यांवर कारवाई झालेली आहे. परदेशातला नातेवाईक प्रेमाने आणतो, पण नंतरचं निस्तरणं तुमच्या गळ्यात येतं.

उलट, आपल्या हक्काची सोय मेनूत बंद पडून असते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन प्रणाली जीपीएसमधली चूक दुरुस्त करणारे संकेत भारतभर पाठवते. सेटिंगमध्ये एसबीएएस (अशा प्रणालींचं सर्वसाधारण नाव) किंवा डब्ल्यूएएएस (अमेरिकी प्रणालीचं नाव) असं काही दिसलं तर ते चालू करा. अचूकता वाढली म्हणून काही पोर्टेबल यंत्रावर उपकरणी अप्रोच, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर उतरणं, करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

डेटाबेस आणि अक्षांशांचा घोळ

घेण्यापूर्वी विक्रेत्याला यंत्र चालू करायला लावा आणि व्हीएएनपी, म्हणजे नागपूर विमानतळाचा कोड, शोधा. मग गोंदियाचं बिरसी, अमरावतीचं बेलोरा आणि चंद्रपूरजवळचं मोरवा शोधा. अमेरिकेचा डेटाबेस भरलेलं यंत्र इथे रिकामा नकाशा दाखवतं. विमानमाहिती दर २८ दिवसांनी बदलते, तेव्हा भारताच्या अद्ययावत माहितीचा वर्षाचा खर्च आधीच विचारून घ्या.

एखादी छोटी धावपट्टी सापडली नाही, तर माणूस स्वतःच पॉइंट भरतो आणि इथेच घोडं पेंड खातं. कागदावर अक्षांश अंश-मिनिट-सेकंदात असतो, यंत्र अंश आणि दशांश मिनिट मागत असतं. समजा कागदावर २१ अंश ५ मिनिटं ४० सेकंद आहे. तुम्ही ५.४० भरलं. खरं तर ४० सेकंद म्हणजे ०.६७ मिनिट, म्हणजे ५.६७ भरायला हवं होतं. एवढ्याने पॉइंट जवळपास अर्धा किलोमीटर सरकतो. धुरकट हवेत धावपट्टी शोधताना अर्धा किलोमीटर म्हणजे थोडंथोडकं नाही. भरलेला पॉइंट घरीच उपग्रह नकाशावर तपासून घ्या.

स्वस्तातला चार्जर

सीताबर्डीत मिळणारे गाडीचे चार्जर बहुतेक १२ व्होल्टच्या हिशेबाने बनवलेले असतात. सेसना १५२ ची विद्युत व्यवस्था २८ व्होल्टची आहे, जुन्या १५० ची १४ व्होल्टची. चार्जरवर १२ ते ३० व्होल्ट असं काही छापलेलं नसेल तर तो विमानात लावू नका. शिवाय निकृष्ट चार्जर रेडिओत खरखर आणतो. टॉवरचा आवाज अचानक बिघडला, तर आधी चार्जर उपटून बघा.

यंत्र बिघडलं असं वाटतं तेव्हा

विमान जागचं हललेलं नाही, तरी स्क्रीनवर वेग दिसतोय? सिम्युलेटर मोड चालू राहिलेला असतो. जमिनीवर सराव करून झाला की तो बंद करायची सवय लावा.

ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बोलताना उपग्रह गायब होतात? १२१.१५ ते १२१.२० आणि १३१.२५ ते १३१.३० मेगाहर्ट्झवर प्रसारण करताना त्यांचे अनुक्रमे तेरावे आणि बारावे हार्मोनिक (त्या फ्रिक्वेन्सीच्या तेरापट आणि बारापट लहरी) जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास येतात. जीपीएसची अँटेना रेडिओच्या अँटेनेपासून दूर न्या.

जुनं यंत्र तारीखच भलती दाखवतंय? जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-आकडा दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं आणि अपडेट न मिळालेली कित्येक यंत्रं वीस वर्षं मागे गेली. सेकंडहँड घेताना मोकळ्या मैदानात उपग्रह धरू द्या आणि तारीख बघा.

उन्हाळ्यात सर्वांत जास्त गोंधळ उंचीचा होतो. क्यूएनएच (टॉवरने सांगितलेला, समुद्रसपाटीवर आणलेला हवेचा दाब) बरोबर लावून अल्टिमीटर, म्हणजे विमानातलं उंचीमापक, ५००० फूट दाखवतंय आणि जीपीएस ५४०० च्या पुढे, तर दोन्ही बरोबर असू शकतात. अल्टिमीटर हवेचा दाब मोजतं, आणि तापलेली हवा फुगल्याने तोच दाब जास्त उंचीवर सापडतो. जीपीएस भौमितिक उंची सांगतं. उडायचं मात्र अल्टिमीटरवरच, कारण आसपासची सगळी विमानं त्याच मोजमापाने एकमेकांपासून अंतर राखत असतात.

जीपीएसच्या संकेतात ढवळाढवळ होऊ शकते, म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०२३ मध्ये परिपत्रकही काढलं आहे. मांडीवर नकाशा असू द्या, नागपूरचं व्हीओआर (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) लावून ठेवा आणि कोराडीच्या चिमण्या, अंबाझरी तलाव, रामटेकची टेकडी स्क्रीनवरच्या जागेशी जुळतात का ते अधूनमधून बघत चला.

माउंट बसवल्यावर इंजिन बंद असतानाच योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण मागे, पूर्ण पुढे, मग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. केबल कुठे अडकते का, यंत्र गुडघ्याला किंवा पॅनेलला लागतं का, ते बघा. यंत्र होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का, हेही तपासा. हलली तर माउंटची जागा बदला.