पुढच्या दाताचा टवका उडालाय? बाँडिंग शिकणाऱ्या ज्युनिअर्ससाठी थोडं

टवका उडालेल्या पुढच्या दाताची केस सगळ्यांनाच हवी असते, एकाच सिटिंगमध्ये पेशंट आरशात बघून हसतो आणि आपल्यालाही भारी वाटतं. पण बाँडिंग (दाताला कंपोझिट, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं दाताच्या रंगाचं मटेरियल, चिकटवणं) टिकणार की निघणार हे कंपोझिट हातात घ्यायच्या आधीच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

एक्स-रे आणि नस जिवंत आहे का हे बघून झालं की लगेच शेड (दाताचा रंग) घ्या, रबर डॅम (दात कोरडा ठेवायला लावतात तो रबरी पडदा) लावायच्या आधी. दात कोरडा पडला की जास्त पांढरा दिसतो, त्या रंगाला मॅच केलं तर नंतर दात ओला होऊन मूळ रंगावर येतो आणि आपलं काम तेवढं वेगळं उठून दिसतं. नुसत्या शेड गाइडवर जाऊ नका, कंपोझिटच्या दोन शेडचे ठिपके एच न करताच (अ‍ॅसिड न लावता) दातावर ठेवून क्युअर करा (लाइटने घट्ट करा) आणि बघा, सहज निघतात नंतर.

मग एचिंग. 37 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, इनॅमलवर (दाताचं बाहेरचं कठीण आवरण) 15 ते 30 सेकंद, डेंटिनवर (त्याच्या आतला थर) 15 च्या वर नको. धुऊन हवा मारली की इनॅमल खडूसारखं पांढरं, चमक गेलेलं दिसलंच पाहिजे, नाही दिसलं तर पुढे जायचंच नाही. त्यात पडलेल्या बारीक खळग्यांत बाँड (चिकटवणारा द्रव) शिरून अडकतो, बुओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवलेली हीच ती गोष्ट. इथे थुंकी लागली तर पुसून भागवू नका, धुऊन परत एच करा. डेंटिन मात्र ठणठणीत कोरडं करायचं नाही, त्यातले कोलॅजनचे (प्रथिनाचे) धागे खाली बसतात आणि बाँड आत जात नाही.

कंपोझिट लावताना वरचा लाइट कमी करा नाहीतर आकार देता देताच ते घट्ट व्हायला लागतं. तुकडा मोठा असेल तर मागच्या बाजूला पुट्टी इंडेक्स (दाताच्या आकाराचा पुट्टीचा साचा) घ्या, खूप वेळ वाचतो, आणि थर 2 मिमीपेक्षा जाड नको.

शेवटी आर्टिक्युलेटिंग पेपर (चावल्यावर खूण उमटवणारा रंगीत कागद) ठेवून नुसतं चावायला सांगून थांबू नका, खालचा जबडा पुढे सरकवायला लावा, बाँडिंगचे कोपरे बहुतेक तिथेच उडतात. पॉलिशिंगला पेशंटला काही दिवसांनी परत बोलवा, तोवर दात मूळ रंगावर आलेला असतो, शेड खरी जमलीय का ते तेव्हा कळतं. आणि ब्लीचिंग करायचं असेल तर ते बाँडिंगच्या आधी हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगा, कंपोझिट ब्लीच होत नाही.