औषध गाईवर मारता, गोठ्याचं काय?

गाय दुधाला कमी झाली की घरात टॉनिकची बाटली येते. मग कॅल्शियम येतं, लिव्हर टॉनिक येतं. दुकानदार सांगेल ते घेतलं जातं, कारण दोन जनावरांवर चूल चालणाऱ्या घराला वाट बघणं परवडत नाही. पण कानात, कासेवर, शेपटीच्या बुडाशी गोचीड टम्म फुगून बसलेली असते. रक्त ती पितेय, मग बाटली काय करणार?

उन्हाळा सरताना आणि पावसाच्या तोंडावर दरवर्षी हेच दिसतं. औषध जनावरावर पडतं, गोठा तसाच राहतो. फुगलेली मादी खाली गळते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. धुऊन पुसून आणलेली गाय आपण त्याच दावणीला बांधतो!

म्हणून याच आठवड्यात भेगा खरवडा. अमिट्राझ १२.५ टक्के हे गोचीड मारण्याचं औषध, १ लिटर पाण्यात २ मिली, जनावराच्या अंगावर आणि त्याच दिवशी भेगांतही मारा. भेगा सुकल्या की लिंपून बुजवा. २ ते ३ आठवड्यांनी पुन्हा फवारणी. फवारणी सावलीत करा, आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, डोळे-तोंड वाचवा, अंग सुकेपर्यंत चाटू देऊ नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या जनावराला नको, ते दुधात उतरतं. माझा अंदाज असा की कोंबड्या मोकळ्या फिरतात त्या गोठ्यात गोचीड कमी असते. फवारणीच्या दिवशी मात्र त्या कोंडा.

बाकीची कामं:
- घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत लसी
- जंतनाशक
- गोठ्याचं छप्पर, पाण्याचा निचरा
- कोरडा चारा झाकणे

संकरित गाय आणि लहान वासरू यांना जास्त जपा. गोचिडीतून थायलेरिया हा रक्ताचा आजार होतो: ताप १०४ ते १०६ फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ सुजलेली, पुढे पापणीची आतली बाजू पांढरी पडते. यावर बुपारवाक्वोनचं इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅम, मांसात, पशुवैद्यकाच्याच हातून. ते लवकर दिलं तरच गुण येतो.

तुमचा जीव त्या गाईवर आहे, तिच्या मानेवरून रोज हात फिरतोच. तो हात खांद्यापुढच्या गाठीवर, कासेच्या मागे आणि कानाच्या आतही न्या. गाठ लिंबाएवढी लागली तर लगेच ताप मोजा आणि रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.