पाय दुखतात, पण कशानं? निदान शोधताना या चुका टाळा

माझ्या मायचा डावा पाय दोन वर्षं दुखत होता. कापूस वेचता वेचता ती धुऱ्यावर बसायची आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दाबत राहायची. त्या दोन वर्षांत आमच्या हातून झालेल्या चुका तुमच्या घरी होऊ नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात महागात पडली ती पुडी. गावात येणारा एक जण चार गोळ्या कागदात बांधून द्यायचा. दोन दिवसांत माय वावरात, म्हणून आम्ही खूश. काही महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, सुजल्यासारखा. अशा बिननावाच्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉईड असतं. दुखणं दबतं, मूळ आजार तसाच राहतो, वरून साखर आणि बीपी वाढतं. मात्र बरेच दिवस घेतलेली पुडी मनानं एकदम बंदही करू नका, त्यानंही जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि किती दिवस घेतली ते सांगा.

'पाय दुखतात' एवढंच सांगून गप्प बसू नका. ओपीडीत गर्दी असते, तुमच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात. ठणका आहे, आग होते, मुंग्या येतात की वीज गेल्यासारखी चमक निघते? रात्री वाढतं की चालल्यावर? चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की मोकळ्या होतात, तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. बिडी ओढत असाल तर तेही सांगा. तळव्यांची आग होत असेल तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. वहीच्या एका पानावर आठ-दहा दिवसांचं लिहून न्या.

एक्स-रे चांगला आला म्हणजे काही नाही, असं समजू नका. एक्स-रेत हाड दिसतं. नस दिसत नाही, रक्तातला दोष दिसत नाही. लेकरू थंडी-पावसात हातपाय धरून रडतं, डोळे पिवळे दिसतात, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडू नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. आधी रक्ताची सोल्युबिलिटी ही साधी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर लेकरू वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनंच कळतं. पहिल्या चाचणीवर थांबू नका.

आणि अंगावरचं काही लपवू नका. मायच्या पोटरीवर फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून तिनं कोणाला दाखवलाच नाही. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी तो पाहिला. गुडघ्याच्या बाहेरची नस बोटांनी चाचपली, ती दोरीसारखी जाड लागत होती. मग मायला डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात चट्ट्यावर टेकवली. जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं होतं. जन्मभर कापूस वेचलेली माझी माय थोडा वेळ थांबून म्हणाली, "लावला का मॅडम कापूस?"

कुष्ठरोग होता. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांची नावं आपण लहानपणापासून ऐकतो, तरी आपल्या घरात तो असेल असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, साधारण सहा किंवा बारा महिने चालतं. नसेची सूज उतरवायला मायला स्टेरॉईडच दिलं, पण मोजून, तपासत, हळूहळू कमी करत. पुडीनं तीच सूज अर्धवट दाबली होती, म्हणून निदानाला एवढा उशीर झाला.

एका गोष्टीत अजिबात वाट पाहू नका. पाऊल उचलेनासं झालं, पाय अचानक गार-निळा पडला, एकच पाय एकाएकी सुजला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

मायचं दुखणं गेलं. पाऊल मात्र अजून थोडं घासत चालते. रोज संध्याकाळी ती पाय पाण्यात भिजवते, तेल लावते आणि मला तळवा बघायला सांगते, कारण काटा रुतला तरी तिला कळत नाही.