स्वस्त इअरफोन तपासताना: आधी वायर, मग रबर, मग आवाज

स्वस्त इअरफोनच्या खोक्यावर '१० एमएम ड्रायव्हर', 'एक्स्ट्रा बेस', '२० ते २०,००० हर्ट्झ' असं काहीबाही छापलेलं असतं. ते वाचण्यात वेळ घालवू नका. २० ते २०,००० हा माणसाच्या कानाचा आवाका आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक खोक्यावर सापडतो. त्या आवाक्यात कुठे चढ आहे नि कुठे खड्डा, हे त्यावरून कळत नाही, आणि सगळी गंमत तर तिथेच असते. ड्रायव्हर म्हणजे आवाज करणारा आतला पडदा, त्याच्या आकाराचंही तेच. सहा एमएमचा नीट बसवलेला पडदा दहा एमएमच्या गचाळ पडद्यापेक्षा सरस वाजू शकतो.

माझं मिरजेत दुरुस्तीचं दुकान आहे. ॲम्प्लिफायर, माईक, भजनी मंडळांचे स्पीकर, आणि गेल्या काही वर्षांत इअरफोनच जास्त. "काका, एक साईड बंद पडलीय" म्हणून जे येतात, त्यांच्यात ड्रायव्हर जळालेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा वायर आतून तुटलेली असते, नाहीतर जाळीत मळ अडकलेला असतो. म्हणून मी आवाजाआधी वायर बघतो. दोन हजारांच्या आतला कुठलाही इअरफोन तुम्हीही याच क्रमाने तपासा.

वायर तीन ठिकाणी तुटते: जॅकच्या मानेशी, दोन फाटे फुटतात तिथे, आणि कानातल्या डबीत शिरते तिथे. या तिन्ही जागी रबराची लवचीक बाही हवी. बाही आहे पण दगडासारखी कडक आहे, तर ती नसल्यातच जमा, कारण मग वायर बाहीच्या टोकाशी मोडते. मोबाईल खिशात ठेवून ऐकत असाल तर काटकोनी जॅक घ्या, सरळ जॅकवर खिशात फार ताण येतो. आता हळू आवाजात कुणाचंतरी भाषण लावा आणि या तिन्ही जागी वायर बोटांत धरून हलकेच वाकवा. जॅक सॉकेटमध्ये गोल फिरवा. कुठेही खरखर आली किंवा एक बाजू क्षणभर गेली, तर तो नग तिथेच परत करा. हा दोष पुढे वाढतच जातो.

आतली तार कशी असते तेही सांगतो, म्हणजे एवढी काळजी कशासाठी ते कळेल. बाहेरचं प्लास्टिक सोललं की केसासारख्या तांब्याच्या तारांचे झुपके दिसतात. त्यांवर लाल, हिरवा, निळा असा लाखेचा पातळ थर असतो आणि मजबुतीसाठी मध्ये रेशमासारखे धागे घातलेले असतात. थर आधी जाळल्याशिवाय त्यावर सोल्डर धरत नाही. घरी जोडायला गेलेल्यांचा जोड टिकत नाही तो बहुधा याच कारणाने. म्हणूनच हल्ली केझेड, मूनड्रॉप, टँगझू अशा चिनी कंपन्यांच्या ज्या मॉडेलमध्ये वायर डबीतून काढून बदलता येते, ती मी आधी सुचवतो. मात्र घेताना दोन्ही पिना एकदा काढून घालून बघा. सहज निसटत असतील तर महिन्याभरात ढिल्या होणार.

आणखी एक छोटी तपासणी. इअरफोन कानात घाला, काहीही वाजवू नका आणि वायर शर्टावर घासा. कानात खसखस मोठी येत असेल तर चालताना वैताग येईल. वायर कानामागून वळवून घेतली की ती बरीच कमी होते.

आता डबी. दोन अर्ध्या भागांचा सांधा नखाने चाचपा. फट लागली किंवा गोंद बाहेर आलेला दिसला तर बाकीचं कामही तशाच हाताने झालंय असं समजा. रबर, म्हणजे कानात बसणारी मऊ टोपी, काढून खालची नळी बघा. टोकाला बारीक काठ हवा, नाहीतर एक दिवस इअरफोन बाहेर येईल आणि रबर कानातच राहील. हे काढून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतो, आणि तुम्हीही तिथेच जा. नळीच्या तोंडावरची जाळी सपाट आणि घट्ट बसलेली हवी. डबीवर कुठेतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, ते हवेसाठी असतं. त्यावर स्टिकर चिकटवू नका. इअरफोन कानात दाबताना आत 'कुर्र' असा आवाज आला तर कोंडलेल्या हवेने पडदा दबतोय. क्वचित आला तर चालेल. दर वेळी येत असेल तर मी तो घेणार नाही.

आता रबर. इथे थोडं थांबू या, कारण 'बेसच नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम नुसतं रबर बदलून होतं. कानाची नळी हवाबंद झाली नाही तर खालचे सूर बाहेर निसटतात आणि उरतो तो पत्र्यासारखा आवाज. खोक्यात तीन मापं येतात. लोक मधलं लावलेलंच वापरतात आणि बाकीची दोन ड्रॉवरमध्ये जातात. तसं करू नका. उजव्या कानात घालताना डाव्या हाताने डोक्यामागून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, मग इअरफोन थोडा फिरवत आत सारा आणि पाळी सोडा. नळी सरळ होऊन रबर नीट बसतं.

बसलं की नाही, हे गाणं न लावता कळतं. दोन्ही कानांत घालून तोंड मिटा आणि 'म्‌ऽऽ' असा हुंकार भरा. तुमचा हुंकार डोक्याच्या मध्यभागी घुमायला हवा. तो एका बाजूला ओढला गेला तर त्या बाजूचं रबर जास्त चांगलं बसलंय, दुसऱ्या बाजूचं माप बदला. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठं लागलं तर खुशाल तसं लावा, दोन कान सारखे नसतात. सिलिकॉन कुठल्याच मापात टिकत नसेल तर फोमची रबरं वेगळी मिळतात. बोटांनी दाबून बारीक करा, कानात घाला आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवा. फोमने बेस भरतो, वरचे सूर जरा मऊ होतात. फोम वरचेवर बदलावा लागतो, एवढाच त्रास.

हे सगळं झाल्यावरच आवाजाकडे या. मोबाईलमधला इक्वलायझर, डॉल्बी, 'बास बूस्ट' बंद करा. गाणं डेटा वाचवणाऱ्या सेटिंगवर ऐकू नका, नाहीतर तुम्ही इअरफोनऐवजी फाईलचे दोष मोजत बसाल. दोन इअरफोनची तुलना करत असाल तर आवाजाची पातळी आधी सारखी करा. व्हॉल्यूमची पट्टी एकाच खुणेवर ठेवून हे होत नाही, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी असते. जो थोडा मोठा वाजतो तो कानाला हमखास 'जास्त चांगला' वाटतो, आणि दुकानदारांना हे पक्कं माहीत असतं. बोलणाऱ्या माणसाचा आवाज दोन्हींत सारखाच मोठा वाटेपर्यंत पट्टी सरकवा, मगच मत बनवा.

पहिली फाईल म्हणून कुणाचीही व्हॉट्सॲपवरची व्हॉइस नोट घ्या. ती मोनो असते, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. बोलणारा कपाळाच्या बरोबर मध्ये असायला हवा. डावीकडे सरकलेला वाटला तर डावा-उजवा अदलाबदल करून घाला. आता आवाज उजवीकडे गेला तर दोष इअरफोनचा. डावीकडेच राहिला तर दोष कानाचा, बहुधा उजव्या कानात मळ आहे. आणि बोलणाऱ्याला जागाच सापडत नसेल, आवाज दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा आणि डोक्यात विचित्र वाटत असेल, तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्यात. स्वस्त मालात हे होतं आणि हौशी दुरुस्तीनंतर तर हमखास होतं.

मग 'स' आणि 'श'. घरातल्या माणसाला मोबाईलवर एक वाक्य रेकॉर्ड करायला सांगा: "शनिवारी सकाळी सुशीलाने साडेसहाला शिरा शिजवला." वर "चटईला टाचणी टोचली" हेही घ्या. घरच्या माणसाचा आवाज यासाठी, की तो खरा कसा आहे हे तुम्हाला रोज ऐकून ठाऊक असतं. गायकाचा आवाज स्टुडिओत काय काय करून आलाय हे तुम्हाला माहीत नसतं. 'स' कानात सुईसारखा टोचला तर ५ ते ८ हजार हर्ट्झच्या दरम्यान आवाज नको तितका उचललेला आहे. दुकानात असा इअरफोन 'क्लिअर' वाटतो आणि अर्ध्या तासाने डोकं चढतं. उलट 'स' आणि 'श' यांतला फरकच कळेनासा झाला तर वरची बाजू दाबलेली आहे.

आता माझी आवडती परीक्षा, तानपुरा. आमच्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे सतारमेकर गल्लीतून जाताना कुणीतरी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी लावत (ती घासून नाद खुलवत) बसलेला दिसतोच, त्यामुळे तो नाद माझ्या कानात पक्का आहे. तुम्ही तानपुरा ॲपमधला यांत्रिक आवाज घेऊ नका, खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घ्या, आणि गाणं नसलेला तुकडा निवडा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्यामुळे, म्हणजे जिवामुळे, प्रत्येक तारेतून वरचे सूर कारंज्यासारखे फुटतात. चांगल्या इअरफोनमध्ये ते एकामागून एक उलगडताना ऐकू येतात. वाईटात नुसतं 'झँऽऽ' येतं. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेवर लक्ष द्या: तार छेडल्यावर थोड्या वेळाने तिच्यातून गंधार वर येतो, जो कुणीच वाजवलेला नसतो. हा स्वयंभू गंधार स्पष्ट लागला तर इअरफोनचे मधले सूर मोकळे आहेत. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये तो गंधार खालच्या घुमण्यात बुडून जातो.

पण खर्ज ऐकू आला म्हणून बेस चांगला, असं समजू नका. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला असतो. इअरफोनने ते ६९ मुळीच वाजवलं नाही तरी त्याचे वरचे सूर इतके दाट असतात की त्यांवरून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवरही खर्ज आल्यासारखा वाटतो तो याच कारणाने. बेससाठी डग्गा ऐका. एकल तबलावादनातला विलंबित तुकडा लावा. डग्ग्यावर 'घे' हा बोल पडल्यावर मनगटाने दाब देऊन सूर वर चढवलेला असतो. तो चढताना सलग ऐकू यायला हवा, आणि थाप थांबल्यावर घुमारा जितक्यास तितका थांबायला हवा. नुसतं 'धप्प' येऊन सूर कळलाच नाही तर तो बेस फुगवलेला आहे. थाप पडताना तबल्याची चाटी, म्हणजे काठावरचा टणक आवाज, झाकोळली तरी तेच.

शेवटची फाईल भजनाची घ्या, टाळ-पखवाज, पेटी आणि मागे दहा-पंधरा जणांचं झील धरणं. इथे बहुतेक स्वस्त इअरफोन शरण येतात. टाळ पावसासारखे सगळ्यावर पसरतात आणि पेटी गायब होते. थोडं पसरणं या किमतीत मी मान्य करतो. पेटीचे सूर मागे धरता आले आणि पंधरा मिनिटांनी इअरफोन काढावासा वाटला नाही, तर तो पास.

ज्यांना हौस आहे त्यांनी यूट्यूबवर २० ते २०,००० हर्ट्झचा चढता सूर मिळतो तो लावावा. सुरुवात अगदी हळू आवाजात करा, कारण खाली काही ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवाल आणि ३,००० पाशी कान फाटेल. खाली ४०-५० पाशी फडफड आली तर पडदा नीट चिकटलेला नाही किंवा आत काहीतरी सुटं आहे. वर जाताना सूर अचानक मोठा झाला तर ती जागा लक्षात ठेवा, 'स' तिथेच टोचत असणार. वयाप्रमाणे शेवटचे काही हजार हर्ट्झ ऐकू येणार नाहीत, त्याचा दोष इअरफोनला देऊ नका.

माईक तपासायचा तर घरात नाही, रस्त्यावर उभं राहून फोन करा आणि समोरच्याला विचारा. वायरलेसबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. या किमतीत दुरुस्त होण्याजोगे ते नसतात, बॅटरी चिकटवून बंद केलेली असते आणि ती मेली की सगळंच गेलं.

घरी पास झालेला इअरफोन एकदा एसटीत लावून बघा. व्हॉल्यूम घरच्यापेक्षा फार चढवावा लागला तर रबर बाहेरचा गोंगाट अडवत नाही, म्हणजे पुन्हा मापाकडे जा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगते. एसटीच्या इंजिनावर मात करत रोज ऐकणारा ती सहज ओलांडतो.

"वाजवत ठेवा, शंभर तासांनी खुलेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बदलतात ते बहुतेक तुमचे कान, त्यांना त्या आवाजाची सवय होते. तोवर परत करायची मुदत संपते. बऱ्याच ठिकाणी इअरफोन उघडल्यावर पैसे परत मिळत नाहीत, फक्त नग बदलून मिळतो, तोही खोकं आणि सगळी रबरं जागेवर असतील तर. तेव्हा या सगळ्या तपासण्या पहिल्या दोन दिवसांत उरका, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण त्या कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.