बांधावर झाडं लावायची आपली जुनी रीत

कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, आजरा, शाहूवाडीकडं भातखाचराच्या बांधावर अजून ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, फणस एकाशेजारी एक उभे दिसतात. खाली शिरोळ, हातकणंगल्याकडं मात्र बांध नांगरून नांगरून वीतभर राहिलेत, झाडं गेली तसे पक्षी आणि मधमाशाबी गेल्या. परत लावायचं मनात असंल तर हे बघा.

आधी जागा ठरवा. उसाला सावली नको म्हणून लोक झाडच नको म्हणतात, पण आपल्याकडं वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेला कललेला असतोय आणि सावली उत्तरेकडं पडतीय, त्यामुळं शेताच्या उत्तरेला ओढा किंवा रस्ता असंल तर मोठी झाडं तिकडंच घ्या. शेजाऱ्याचा बांध असंल तर आधी त्याच्याशी बोला, तिथं शेवगा, कढीपत्ता, निरगुडी असलं लहानच बरं.

नुसतं गिरिपुष्प लावून मोकळं होऊ नका. पाला चांगला मिळतोय, पण ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, आपल्या पाखरांची भूक त्यानं भागत नाही. एक तरी उंबर पाहिजेच! वर्षातनं अनेकदा फळतोय, रानात दुसरं काय नसताना बुलबुल, धनेश, वटवाघळं त्याच्यावर जगतात. पांगारा तर सोपा, मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली की फुटतीय, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला तांबडा होतोय आणि मैना, शिंजीर नुसती गर्दी करतात.

जांभूळ, फणस, आंबा यांचं बी वाळवून डब्यात ठेवू नका, वाळलं की उगवत नाही. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पिशवीत लावा.

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, म्हाताऱ्या माणसांनी ऐन, किंजळाच्या फांद्याच घेतल्या, बुंध्याला हात लावला नाही, म्हणून ती झाडं आपल्यापर्यंत आली. तुम्हीबी शेंडा राखूनच छाटा. आणि ढोली पडलेलं जुनं झाड वाळलंय म्हणून तोडू नका, पिंगळा तिथंच राहतोय आणि उसातले किडे, लहान उंदीर खातोय.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, शेरडं खाऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्या लावा, आणि ऊस गेल्यावर पाचट पेटवू नका, सरीत आच्छादन करा, कारण बांधावरची रोपं त्या जाळात जातात.